डबा

मानवतला, जिनिंगमागच्या गल्लीत,
दर महिन्याच्या दहा तारखेला
बारा बायका, प्रत्येकीचे दोन हजार,
आणि एक पोचा गेलेला पितळी डबा.
त्यात कधीकाळी सुपारी असायची.
अजून वास येतो.
आमच्याकडं नशिबाला सुपारीचा वास आहे.

चिठ्ठ्या मी लिहिते. अक्षर बरं म्हणून
हे काम माझ्याकडं आलं.
तसं दहावीला गणितात दोन मार्क कमी पडले
म्हणूनही आलं.
त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली,
आणि मी शेजारी टीव्हीसमोर.
दोन्ही खरंय. हिशेब अजून लागला नाही.

चिठ्ठी उचलतो सुंदरबाईचा नातू, बबड्या.
"जिच्या कपाळी असंल तिला,"
सुंदरबाई म्हणते, दर महिन्याला, याच सुरात.
तिला पहिल्याच महिन्यात लागली होती.

सातव्या महिन्यात सहा नावं उरली.
रुक्सानाच्या पोरीचा नांदेडला
नर्सिंगला नंबर लागलेला,
पंधरा तारखेच्या आत फी भरायची.
तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.
मला सांगितलं, मी पाठीवर टेप धरलेला असताना,
माझं तोंड तिला दिसत नव्हतं तेव्हा.

नऊ तारखेच्या रात्री लाइट गेलेली.
मोबाईलच्या उजेडात वहीचं पान फाडलं,
सहा तुकडे केले.
पहिल्यावर लिहिलं, रुक्साना.
दुसऱ्यावर देवशाला लिहायला पेन टेकवलं
आणि हात पुन्हा 'रु'वर गेला.
असं म्हणायला सोपं जातं, हात गेला.
गेला नाही. मी नेला.
तिसरी. चौथी. पाचवी.
सहावी माझी होती.
त्या पैशात मला पिकोची मशीन घ्यायची होती, जुनी,
परभणीच्या माणसाशी बोलणंही झालेलं.
सहावीला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दहा तारखेला बबड्यानं डोळे मिटले.
रुक्साना!
"बघ माय, वरचा सगळं बघायलाय,"
सुंदरबाईनं हात जोडले.
रुक्साना रडली नाही.
ओढणीच्या टोकानं डबाच पुसायला लागली,
आतूनसुद्धा.
मी तो हिसकल्यासारखा घेतला,
उरलेल्या पाच चिठ्ठ्या मुठीत घामेजल्या.

देवशाला बोटं मोजत होती.
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर.
तिच्या नवऱ्याच्या ऑटोचे तीन हप्ते थकलेले,
हे मला नंतर कळलं.
आधी कळलं असतं तर?
तीन चिठ्ठ्या हिच्या, तीन तिच्या,
आणि मग बबड्याच्या हातावर सोडून
मी मोकळी?

दसऱ्याला तिच्या दारात
पूजेला ऑटो नव्हता. फायनान्सवाले आठ दिवस आधीच घेऊन गेले.
"माझं कपाळच फुटकं," ती म्हणाली.
मी चहा ओतत होते.
कप भरला तरी ओतत होते.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही.
चार वर्षांमागं चिठ्ठ्या द्वारकामावशी लिहायची.
माझा नवरा पुण्याला गेला तो गेलाच,
आणि त्याच महिन्यात माझं नाव निघालं.
शिलाई मशीन आली. मी मारुतीला
अकरा शनिवार नारळ फोडला.
मावशीनं त्या दिवशी चहा व्हायच्या आत
उरलेल्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या होत्या.
मला वाटलं, जाळ कमी पडला.

मावशी आता जालन्याला, लेकाकडं.
तिचा नंबर आहे माझ्याकडं.
काढते, बघते, ठेवून देते.
ती हो म्हणाली तर
कुणाचा तरी महिना मी खाल्ला,
आणि नाही म्हणाली तर
मी एकटीच अशी.

आज नऊ तारीख.
पाच नावं आहेत. लाइट आहे.
पेन झटकून बघितलं, चालतंय.